कुराबिएदेसला हात हवा, मेलोमाकारोनाला नको

ग्रीसमध्ये नाताळला दोन बिस्किटं लागतातच. एक पांढरं, पिठीसाखरेत पार लपलेलं, ते कुराबिएदेस. दुसरं तपकिरी, मधाच्या पाकात मुरलेलं, वर अक्रोडाची भरड, ते मेलोमाकारोना. डिसेंबर लागला की इथे थेस्सालोनिकीत बेकऱ्यांच्या काचांमागे दोघांच्या राशी शेजारी शेजारी लागतात आणि तुम्ही कुठल्या बाजूचे यावर घराघरांत वाद रंगतो.

माझं सासर इथलं. दरवर्षी नाताळच्या आधीच्या शनिवार-रविवारी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आम्ही पाच-सहा जण जमतो आणि दोन्ही बिस्किटं करतो. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, शंकरपाळी, करंज्या, चिरोटे केलेल्या हातांना यात नवीन ते काय? मी मेलोमाकारोनाचं पीठ पुढ्यात ओढलं आणि पोळ्यांच्या कणकेसारखं चांगलं तिंबलं. पाच मिनिटांत पिठाला तेल सुटलं, कडेला तळं साचलं. भाजल्यावर ती बिस्किटं अशी कडक झाली की पाकात कितीही वेळ बुडवली तरी आत थेंब शिरेना. सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझी दोन्ही मनगटं धरली, हात पिठातून बाहेर काढले आणि एवढंच म्हणाल्या, "फ्तानी." म्हणजे पुरे.

ही दोन्ही बिस्किटं शिकणं म्हणजे हाताला 'पुरे' कधी म्हणायचं ते शिकणं. कुराबिएदेसचं लोणी हात भरून येईपर्यंत फेसायचं, मेलोमाकारोनाचं पीठ जेमतेम एकत्र करून सोडून द्यायचं. हे सांभाळलंत तर पहिल्याच खेपेला जमतील.

आधी उपवासाचं

ऑर्थोडॉक्स चर्चचा नाताळचा उपवास १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि ४० दिवस चालतो. त्यात मांस, दूध, लोणी, अंडी बंद. मेलोमाकारोनात लोण्याऐवजी ऑलिव्ह तेल आणि दुधाऐवजी संत्र्याचा रस का, ते यावरून कळतं. ही बिस्किटं नाताळच्या आधीपासून येताजाता खाल्ली जातात. कुराबिएदेस लोण्याची, त्यांचा डबा उघडतो तो नाताळच्या सकाळी. आता उपवास सगळेच पाळतात असं नाही, आमच्या घरात फक्त सासूबाई पाळतात, पण डबे उघडायचा क्रम सगळ्यांसाठी तोच. तुमच्या घरात अंडं न खाणारं कोणी असेल तर मेलोमाकारोना निर्धास्त करा, आणि कुराबिएदेसमधलं अंडंही गाळता येतं, ते पुढे सांगते.

कामाची वाटणी

हे एकट्यानं करायचं काम नाही. जमणार नाही असं नाही, पण गरम बिस्किटं पाकात सोडायला एक हात, काढायला दुसरा आणि अक्रोड भुरभुरायला तिसरा एकाच वेळी लागतो. त्यामुळे निदान तीन माणसं गोळा करा.

आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी तीन कामं उरकतात. पाक करून गार करायला ठेवणं, अक्रोड फोडून कुटणं (हे सासऱ्यांचं, त्यात दुसऱ्या कोणाला वाव नाही) आणि बदाम भाजणं. रविवारी सकाळी मेलोमाकारोना, दुपारी कुराबिएदेस. हाच क्रम ठेवा. पिठीसाखर उडाली की ओट्यावर, कपड्यांवर, केसांवर बसते, म्हणून ते काम शेवटी.

लहान मुलांना सुरुवातीपासून घ्या. आठ-नऊ वर्षांचं मूल काट्यानं नक्षी पाडू शकतं, पिठीसाखर चाळू शकतं. माझ्या लेकाला त्याच्या यायानं, म्हणजे आजीनं, सोडा फसफसवायचं काम दिलं आहे आणि तो ते वर्षभर लक्षात ठेवतो. ओव्हनचे ट्रे आणि पाक मात्र मोठ्यांकडेच.

मेलोमाकारोना

साधारण ३५ नगांसाठी: मैदा ५०० ग्रॅम, बारीक रवा १०० ग्रॅम, तेल २५० मिली, ताज्या संत्र्याचा रस १२५ मिली, साखर ७५ ग्रॅम, एका संत्र्याची किसलेली साल, ब्रँडी २ मोठे चमचे, दालचिनीची पूड १ छोटा चमचा, लवंगेची पूड अर्धा छोटा चमचा, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा. वर घालायला अक्रोड १०० ग्रॅम.

तेल इथे ऑलिव्हचंच वापरतात. भारतात ते महाग पडतं, आणि फार उग्र वासाचं असेल तर बिस्किटावर चढतं, म्हणून अर्धं ऑलिव्ह आणि अर्धं सूर्यफुलाचं घेतलंत तरी चालेल. इथल्याही पुष्कळ घरांत तसंच करतात. ब्रँडी नको असेल तर तेवढाच रस वाढवा. संत्र्याची साल किसताना फक्त वरचा रंगीत भाग घ्या, खालचा पांढरा कडू असतो.

पाक आदल्या रात्री करा. ३०० ग्रॅम साखर, २०० मिली पाणी, दालचिनीचा बोटभर तुकडा, तीन लवंगा आणि संत्र्याची एक जाड फोड सालीसकट, असं सगळं उकळायला ठेवा. उकळी फुटल्यावर चार मिनिटं. गॅस बंद करा आणि मगच २०० ग्रॅम मध ढवळा. मध उकळू देऊ नका, त्याचा सुगंध तिथेच जातो. मराठी स्वयंपाकघरातल्या माणसाचा हात इथे आपोआप एकतारीकडे जातो, तो आवरा. एकतारी पाक चिरोट्यावर चढून बसायला हवा असतो. इथे पाक आत शिरायला हवा, म्हणून पातळ वाटला तरी तसाच राहू द्या.

सकाळी ओव्हन १८० अंशांवर तापत ठेवा. पंख्याचा असेल तर १७०. मैदा, रवा, बेकिंग पावडर आणि दोन्ही पुडी एकत्र चाळा, आणि त्यातलं मूठभर पीठ बाजूला काढा. मोठ्या पातेल्यात तेल, साखर, साल आणि ब्रँडी मिनिटभर घोटा. आता रसात सोडा घाला. हे खोलगट भांड्यातच करा, कारण रस फसफसून दुप्पट वर येतो. तो फेस तेलात ओता, ढवळा, आणि मग पीठ.

इथून पुढे सावकाश वाचा. पीठ एकदम घाला. बोटं फाकवून, तळव्याचा दाब न देता, खालून वर उचलून उलटा. पातेलं फिरवत दहा-बारा वेळा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात बाहेर. पीठ गुळगुळीत होणार नाही, व्हायचंही नाही. ते मऊ, तेलकट आणि थोडं खडबडीत राहतं, आणि मुठीत दाबलं तर बेसनाच्या लाडवाच्या मिश्रणासारखा आकार धरतं. धरत नसेल, बोटांना फारच चिकटत असेल, तर बाजूला काढलेलं पीठ थोडं थोडं घाला. ग्रीक पाककृतींत मैद्याचं माप पुष्कळदा दिलेलंच नसतं, नुसतं लिहिलेलं असतं 'ओसो पारी', म्हणजे घेईल तेवढं. आपल्या आज्या 'मावेल तेवढं' म्हणायच्या, तेच.

पातेल्यावर फडकं टाकून दहा मिनिटं ठेवा, म्हणजे रवा ओल पितो. त्याहून जास्त ठेवू नका, तेल सुटू लागतं.

लिंबाएवढा, साधारण ३० ग्रॅमचा गोळा घ्या, लांबट करा, किंचित चपटा. तो किसणीच्या बारीक बाजूवर अलगद दाबून सोडवून घ्या किंवा वरून काट्यानं आडव्या-उभ्या रेघा पाडा. नक्षी शोभेची नाही. पाक त्याच खाचांतून आत जातो आणि अक्रोड त्यांतच धरून राहतो. बिस्किटं ट्रेमध्ये दोन बोटांचं अंतर ठेवून मांडा.

२२ ते २५ मिनिटं भाजा. रंग चांगला गडद बदामी व्हायला हवा. नवखी माणसं इथे घाबरून लवकर काढतात आणि मग ती बिस्किटं पाकात विरघळतात. शंका आली तर एक मोडून पाहा, मध्यभाग ओलसर दिसता कामा नये.

आता सगळ्यांना ओट्याशी बोलवा. बिस्किटं ओव्हनमधून काढल्या काढल्या गरम, पाक पूर्ण गार. दोन्ही गरम असतील तर लगदा होतो, दोन्ही गार असतील तर पाक वरच्यावर राहतो. एका वेळी सहा बिस्किटं सोडा, नक्षीची बाजू खाली, मनात दहा मोजा, उलटा, पुन्हा दहा मोजा, झाऱ्यानं निथळून ताटात काढा. दुसरा माणूस लगेच अक्रोड घालतो. पाक ओला असतानाच अक्रोड चिकटतो, पाच मिनिटांनी घातला तर गळून पडतो. अक्रोड मिक्सरमधून काढू नका, तेल सुटून त्याची चटणी होते. खलबत्त्यात भरड कुटा आणि चिमूटभर दालचिनी मिसळा.

एक युक्ती मी स्वतः अनुभवातून काढली. गरम बिस्किटांनी पाकही कोमट होत जातो आणि दुसऱ्या ट्रेच्या वेळी नीट शोषला जात नाही. म्हणून अर्धा पाक फ्रिजमध्ये ठेवते आणि दुसऱ्या ट्रेला तो काढते. सासूबाईंनी हे पाहिलं तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या वर्षापासून त्यांनीच दोन भांडी काढायला सुरुवात केली.

त्याच दिवशी चव पाहाल तर थोडी निराशा होईल. पाक मुरायला रात्र जावी लागते. दुसऱ्या दिवशी बाहेरून घट्ट, आतून ओलसर आणि दाताखाली रव्याचा बारीक कण, असं ते लागतं.

कुराबिएदेस

हे बिस्किट इथे उत्तर ग्रीसमध्ये फार जिव्हाळ्याचं. कावाला शहराजवळ नेआ कारवाली नावाचं गाव आहे, ते कुराबिएदेससाठी देशभर ओळखलं जातं. १९२३च्या लोझान करारानंतर तुर्कस्तान आणि ग्रीस यांच्यात लोकसंख्येची अदलाबदल झाली, सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आपली घरं सोडून ग्रीसमध्ये आले. तुर्कस्तानातल्या कापादोकिया भागातल्या कारवालीहून आलेल्यांनी नवं गाव वसवलं आणि त्याला जुन्याचंच नाव दिलं. 'नेआ' म्हणजे नवं. सासूबाईंची आजी त्या लोंढ्यातली. कुराबिएस (एकाला कुराबिएस, अनेकांना कुराबिएदेस) हा शब्दही तुर्की 'कुराबिये'चा भाऊ आहे. सासूबाई लोणी फेसायला बसल्या की आजीचं नाव निघतंच.

साधारण ३२ नगांसाठी: बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, अंड्यातला पिवळा बलक १, मैदा ४०० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, भाजलेले बदाम १२० ग्रॅम, गुलाबपाणी १ मोठा चमचा, थोडा व्हॅनिला. वरून चाळायला पिठीसाखर ३०० ग्रॅम, आणि शिंपडायला आणखी थोडं गुलाबपाणी. अंडं नको असेल तर बलकाऐवजी एक मोठा चमचा दूध घाला, खुसखुशीतपणात फारसा फरक पडत नाही.

इथे पुष्कळ जण गाईच्या लोण्यात मेंढी-शेळीच्या दुधाचं कढवलेलं लोणी मिसळतात. त्याला एक दाट, किंचित आंबूस वास असतो आणि तोच या बिस्किटाचा खरा वास. तो आपल्या साजूक तुपाच्या फार जवळचा आहे. एका वर्षी ते लोणी मिळालं नाही तेव्हा मी साधं लोणी कढवून तूप केलं, आणि २०० ग्रॅम लोण्यात ५० ग्रॅम थिजलेलं तूप घातलं. कुणाला फरक कळला नाही. तुमच्याकडे चांगलं घरचं तूप असेल तर हाच हिशोब धरा.

लोणी मऊ हवं, वितळलेलं नको. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण पृष्ठभाग चमकू नये. थंड गावात ते रात्री बाहेर काढून ठेवा, मुंबईत अर्धा-पाऊण तास पुरे.

आता फेसणं. नानकटाईसाठी परातीत तळव्यानं तूप फेसलेलं तुम्ही पाहिलं असेल, इथे अगदी तेच काम आहे. लोणी आणि पिठीसाखर परातीत घ्या आणि तळवा एकाच दिशेनं फिरवत राहा. पहिल्या पाच मिनिटांत ते पिवळं आणि जड असतं, तळव्याला ओढ लागते. मग रंग सायीसारखा होतो, आवाज बदलतो, चपचप ऐकू येते. त्यानंतर कधीतरी हात अचानक हलका फिरू लागतो. लोणी पांढरं झालेलं असतं, परातीच्या कडेपर्यंत फुगलेलं असतं आणि बोटानं उचललं तर त्याचा शेंडा उभा राहतो. हातानं याला अर्धा तास लागतो, बीटरनं बारा ते पंधरा मिनिटं. आमच्याकडे परात पाळीपाळीनं सगळ्यांसमोरून फिरते आणि थकलेला माणूस ती शेजाऱ्याकडे सरकवतो. या पायरीत घाई केली तर बिस्किट दडस होतं आणि त्यावर पुढे काही उपाय नाही. इथे 'पुरे' म्हणायची घाई करू नका.

लोणी पांढरं झालं की बलक, गुलाबपाणी, व्हॅनिला घालून मिनिटभर फेसा. मग बेकिंग पावडर घालून चाळलेला मैदा आणि बदामाची जाड भरड. मैदा पडला की नियम उलटतो. आता मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. गोळा हाताला न चिकटता जमला की थांबा. सगळा मैदा संपलाच पाहिजे असंही नाही. फार घातलात तर भाजताना भेगा पडतात.

लहान पेढ्याएवढे गोळे करा आणि मधे अंगठ्यानं खळगा पाडा, म्हणजे साखर तिथे साचून राहते. काही घरांत चंद्रकोरीचा आकार देतात, काही घरांत प्रत्येकावर एक लवंग खोचतात. ट्रे भरला की वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, विशेषतः उकाड्याच्या गावी, नाहीतर ओव्हनमध्ये पसरून सगळी एकमेकांना चिकटतील.

१७० अंशांवर २० मिनिटं. ही बिस्किटं वरून पांढुरकी राहायला हवीत, फक्त तळ हलका सोनेरी. काढल्यावर ती इतकी हळवी असतात की नुसता हात लागला तरी मोडतात. म्हणून ट्रे तसाच ठेवा आणि गरम असतानाच बोटांनी गुलाबपाणी शिंपडा, अगदी थेंब थेंब. त्या वेळी घरभर जो वास सुटतो, त्यासाठी मी वर्षभर थांबते.

दहा-पंधरा मिनिटांनी बिस्किटं कोमट झाली की साखरेचा पहिला पातळ थर चाळा. तो थोडा ओलसर होऊन चिकटतो आणि पुढच्या थराला धरून ठेवतो. पूर्ण गार झाल्यावर ताटात साखरेची गादी करा, त्यावर बिस्किटं मांडा आणि वरून दुसरा थर हात न आखडता घाला, बिस्किट दिसेनासं होईपर्यंत. साखर घरी दळलेली असेल तर एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर मिसळून दोनदा चाळा, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत.

ईस्टरला करायचं असेल तर

ही दोन्ही नाताळची. ईस्टरला कुलुराकिया करतात, लोणी, अंडी आणि संत्र्याच्या सालीची बिस्किटं, वेणीसारखा पीळ दिलेली, वरून अंड्याचा हात फिरवून चकाकी आणलेली. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, अंडी लाल रंगवतात त्याच सुमाराला त्यांचे ट्रे भाजले जातात. पीळ द्यायला मुलांना फार आवडतं, त्यामुळे घरात पाच-सहा वर्षांची मुलं असतील तर सुरुवात याच बिस्किटानं करा. त्यात फुगवायला बेकिंगचा अमोनिया घालतात. भाजताना त्याचा वास नाकात जातो, खिडकी उघडी ठेवा, थंड झाल्यावर तो उरत नाही.

ठेवायचं कसं

दोन्ही बिस्किटं एका डब्यात कधीही ठेवू नका. मेलोमाकारोनाची ओल कुराबिएदेसच्या साखरेला लागली की दोन दिवसांत तिची चिकट साय होते. वेगळे पत्र्याचे डबे, मधे बटरपेपर, आणि फ्रिजबाहेर. दोन आठवडे आरामात टिकतात. मेलोमाकारोनाच्या डब्यात तळाशी पाक उतरतो, तो दोन-तीन दिवसांनी चमच्यानं वरच्या थरावर घाला.

शेजाऱ्यांना ताट पाठवायचा रिवाज इथेही आहे, आपल्या फराळासारखाच. ताटात मेलोमाकारोना एका कडेला, कुराबिएदेस दुसऱ्या, मधे कागदाची घडी. आणि ज्यानं कुराबिएस आधी कधी खाल्लेलं नाही त्याला देताना सांगून ठेवा, घास तोंडाशी नेताना श्वास घ्यायचा नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. साखर घशात उडून जोराचा ठसका लागतो. माझा लेक दरवर्षी नव्या पाहुण्याला आधी हे नीट समजावतो आणि मगच ताट पुढे करतो.